मामांची बंदूक

आमचे मामा सुरतेला राहतात. बेळगावात हे वाक्य उच्चारले की ऐकणारा हटकून म्हणतो, "म्हणजे महाराजांबरोबर गेले ते परत आलेच नाहीत!" प्रत्यक्षात मामा टेक्स्टाइलचा डिप्लोमा घेऊन गेले, पांडेसरातल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये लागले, उधन्याच्या एका सोसायटीत रो-हाऊस घेतले आणि तिथलेच झाले. शेजारचे गुजराती काका अजूनही मामा फाटकात दिसले की "मराठा आव्या, तिजोरी संताडो!" म्हणून ओरडतात. मामाही हसून हात वर करतात. तीस वर्षे हा विनोद चालला आहे आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मात्र मामा हसत नव्हते. पंधरा दिवसांपूर्वी घरात चोरी झाली होती. मागच्या दाराची कडी उचकटून चोर आत आले आणि पुढच्या खोलीतल्या कपाटातून मामींच्या दोन बांगड्या, एक मोबाइल आणि दिवाळीसाठी काढून ठेवलेली रोकड घेऊन गेले. मामा-मामी आतल्या खोलीत गाढ झोपेत होते, असे आम्हाला फोनवर कळले होते.

पोचले त्याच संध्याकाळी मामांनी मला समोर बसवले आणि विचारले, "तू एन.सी.सी.त बंदूक चालवली आहेस ना?"

चालवली होती, हे खरे. कॅम्पात पोटावर पालथे पडून पॉइंट टू टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यांतल्या तीन माझ्या टार्गेटला लागल्या, एक शेजारच्या मुलीच्या टार्गेटला लागली आणि पाचवीचा ठावठिकाणा उस्तादजींनाही लागला नाही. एवढ्या भांडवलावर मी मामांची शस्त्रतज्ज्ञ झाले.

मामांनी एक फाइलच केली होती. शस्त्रपरवान्याचा कोरा अर्ज, स्वतःचे फोटो, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘पंप-ॲक्शन, बारा बोअर’. कायद्याचे वाचनही झाले होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात संरक्षणासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तिची नळी वीस इंचांहून आखूड नसावी, परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडून मिळतो, तो २०१९ च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी पाच वर्षांसाठी असतो, हे सगळे त्यांना पाठ होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते आणि प्रशिक्षणही घ्यावे लागते. निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात ती बंदूक बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हेही त्यांना ठाऊक होते. "त्या महिन्यात चोरांनीही आचारसंहिता पाळायची काय?" असे मामींनी स्वयंपाकघरातून विचारले. मामांनी ऐकले नाही, किंवा ऐकले नसल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शस्त्रांच्या दुकानात गेलो. परवाना नसलेल्या माणसाला तिथे फक्त बघता येते. दुकानदार वृद्ध, मृदुभाषी. एखाद्या सराफाने हार दाखवावा तशी त्यांनी एकेक बंदूक हिरव्या फडक्यावर ठेवली. बारा बोअर म्हणजे काय, ते मला तिथे कळले. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आपल्याकडे बँकेच्या दारातला रखवालदार खांद्याला अडकवतो ती दुनळी याच जातीची. तिच्यात दोन काडतुसे, दोन बार, की मग ती मधोमध मोडून पुन्हा भरायची. पंप-ॲक्शनची गंमत वेगळी आहे. नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. पुढची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, पुढे ढकलली की नवे आत जाते. अमेरिकेतल्या ब्राउनिंग नावाच्या कारागिराने रचलेली विंचेस्टर कंपनीची १८९७ ची पंप-ॲक्शन पहिल्या महायुद्धात खंदकांत इतकी प्रभावी ठरली की १९१८ साली जर्मनीने तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला होता.

दुकानदारांनी मूठ मागेपुढे केली. खड्-खट्! मामांचा चेहरा उजळला. "हा आवाज ऐकूनच चोर पळेल," ते म्हणाले. हे त्यांनी सिनेमात पाहिले असावे. मग त्यांनी किंमत विचारली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

परतताना मामांनी मला चौक बाजारजवळचा तापीकाठचा किल्ला दाखवला. सुरतेच्या लुटीकडे आपण नेहमी लुटणाऱ्याच्या बाजूने पाहतो; सुरतेत उभे राहून पाहिले की गोष्ट निराळी दिसते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा मोगल सुभ्याचा कारभारी इनायतखान रयतेला वाऱ्यावर सोडून या किल्ल्यात जाऊन बसला. किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या, पण त्यांच्या गोळ्यांनी शत्रूपेक्षा गावाचेच नुकसान जास्त झाले. विरजी व्होरासारख्या धनाढ्य सावकाराचा वाडा लुटला गेला. टिकल्या त्या इंग्रजांच्या आणि डचांच्या वखारी. इंग्रजांच्या जॉर्ज ऑक्झेंडनने सुवाळी बंदरावरच्या जहाजांतून माणसे आणि छोट्या तोफा आणवल्या, आणि ढोल-कर्णे वाजवीत आपली माणसे गावातून फिरवली. आमच्या प्राध्यापकांना रुचणार नाही, पण घराचे रक्षण म्हणून पाहिले तर त्या आठवड्यात सुरतेत शहाणा माणूस तोच होता. १६६९ साली तो इथेच वारला. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी दफनभूमीत त्याची भलीथोरली कबर आहे.

"बघ," मामा म्हणाले, "हत्यार होते म्हणून वाचला."

माणसेही होती, असे मी म्हणणार होते. पण मामा किल्ल्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती पाहून गप्प राहिले.

संध्याकाळी सोसायटीतले हवालदारकाका आले. साताऱ्याकडचे, लष्करातून निवृत्त, आता हिरेबाजारातल्या एका इमारतीच्या दारात स्वतःच्या परवान्याची दुनळी घेऊन उभे राहतात. मी बेळगावची म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला! मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्याच गावात, त्यांची भरती आणि रगडा दोन्ही तिथलेच. बेळगावच्या थंडीची, कुंद्याची चौकशी झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"साहेब, बंदूक चांगली आहे. पंप तर उत्तमच. प्रश्न बंदुकीचा नाही, घराचा आहे. कुठे ठेवणार?"

"लोखंडी कपाटात. कुलूप लावून."

"भरलेली?"

"छे! काडतुसे वेगळी."

"मग घ्या हातात छत्री."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. छत्री म्हणजे बंदूक, बॅटरीचे सेल म्हणजे काडतुसे. मामा पलंगावर आडवे झाले, मी मोबाइलवर सेकंद मोजू लागले. काकांनी टाळी वाजवली की मामांनी उठायचे, चष्मा शोधायचा, किल्ली काढायची, कपाट उघडायचे, छत्री घ्यायची, दुसऱ्या खणातून सेल घ्यायचे आणि दाराशी यायचे. दिवा लावलेला असताना एक मिनिट पन्नास सेकंद लागले. दिवा मालवून पुन्हा केले, तेव्हा मामांना चष्माच सापडला नाही आणि कपाटाच्या दाराचा खण्ण असा आवाज झाला की शेजारच्या काकांनी भिंतीपलीकडून "शुं थयुं?" म्हणून विचारले.

"हे शेजारी नीट ऐकू येतात ना?" हवालदारकाका म्हणाले. "मधली भिंत साडेचार इंचांची. आणि पुढचे दार प्लायवूडचे. मोठा छर्रा असल्या दारातून पार जातो. गल्लीपलीकडे खिडकीशी त्यांचा नातू झोपतो."

मला किल्ल्यावरचे तोफगोळे आठवले. मामांनाही आठवले असावेत.

छर्रे पसरतात, तेव्हा नेम धरावा लागत नाही, हा मामांचा आणखी एक भरवसा. काकांनी तोही काढून घेतला. छर्ऱ्यांचा फैलाव ढोबळमानाने एका यार्डाला एक इंच. मामांच्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम मुठीएवढा. नेम चुकला की सगळाच चुकला. शिवाय घाबरलेला हात मूठ पुरती मागे ओढत नाही, आणि अर्धवट ओढली की काडतूस अडकते. आवाजाने चोर पळेल म्हणावे, तर तो आवाज मामा अंधारात कुठे उभे आहेत हेही चोराला सांगतो. बोळ तीन फूट रुंद, बंदूक त्याहून लांब. छत्री वळवताना मामांनी कॅलेंडर पाडले ते वेगळेच.

कायद्याचे मी थोडे वाचले होते ते सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे सूर्यास्तानंतर घरफोडी करणाऱ्यापासून मालमत्तेचे रक्षण करताना प्रसंगी त्याच्या प्राणापर्यंत जाता येते; परंतु कलम ३७ चे बंधन त्यावर आहेच, आणि त्याप्रमाणे संरक्षणाला जरूर तेवढीच इजा करता येते. जरूर किती होती, हे नंतर दिवसाउजेडी, कोर्टात ठरते. दोन बांगड्या आणि एक मोबाइल, हे मी बोलले नाही.

आमच्या वर्गात कोडगूची एक मैत्रीण आहे. तिच्या समाजाला परवान्यातून सूट आहे; कैलपोढच्या सणाला घरातल्या बंदुकीला फुले वाहतात, जन्म आणि मृत्यूला बार काढतात. मी तिचे उदाहरण दिले, तेव्हा काका म्हणाले, "त्यांच्या घरातले पोर बंदुकीबरोबर वाढते. साहेब साठीला शिकणार." हे मला पटले. आमच्या खानापूर तालुक्यातही डुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुका आहेत. पण तिथे शेत मोकळे असते आणि समोर डुक्कर आहे याची खात्री असते. पंप-ॲक्शन हे जागे राहून दारात उभ्या असणाऱ्या पहारेकऱ्याचे हत्यार आहे, झोपेतून उठणाऱ्या गृहस्थाचे नव्हे, असे माझे तरी मत झाले.

मामा छत्री मांडीवर घेऊन बसले होते. काकांनी सहज विचारले, "त्या रात्री तुम्हाला जाग केव्हा आली?"

बराच वेळ मामा काही बोलले नाहीत. मग छत्रीचे बटण उघडझाप करीत म्हणाले, "कडी वाजली तेव्हाच. मी जागाच होतो. कपाट उघडलेले ऐकले, ते कुजबुजले तेही ऐकले. दोघे होते. मी हललो नाही."

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. स्वयंपाकघरातून मामी बाहेर आल्या, हाताला कणीक तशीच.

"मीही जागी होते," त्या म्हणाल्या. "म्हटले, यांना जाग आली तर हे उठून जातील. म्हणून श्वास धरून पडले होते."

पंधरा दिवस दोघे एका घरात, एका पलंगावर, एकमेकांना झोपलेले समजून राहिले होते. हवालदारकाकांनी घसा साफ केला आणि पलंगापासून दिव्याचे बटण किती लांब आहे ते विचारले. बटण दुसऱ्या भिंतीवर होते.

मी असेपर्यंत मागच्या दाराला लोखंडी जाळीचे दुसरे दार आणि आतून आडणा बसला. अंगणातल्या मोठ्या दिव्याचे बटण मामींच्या उशाशी आले. शेजारच्या काकांच्या घरात वाजेल अशी एक घंटाही बसवली. तिची परीक्षा त्यांनी दिवसातून चार वेळा घेतली. या सगळ्याला किती खर्च आला ते मामांनी वहीत लिहिले, आणि शेजारी बंदुकीची किंमत लिहून वजाबाकी केली.

हा लेख लिहू का, असे मी फोनवर विचारले. मामा म्हणाले, "लिही. पण मी घाबरलो हे लिहायचे तर ती पण जागी होती, हे लिहायला विसरू नकोस." गेल्या महिन्यात रात्री अडीचला मागे काही वाजले. मामींनी दिवा लावला, मामांनी घंटा दाबली, शेजारचे काका हातात बॅट घेऊन धावत आले. मांजर होते. परवान्याचा अर्ज मात्र अजून फाइलीत आहे. मामा म्हणतात, निवडणूक झाल्यावर बघू.