ट्रॅफिक टाळायचं म्हणजे नेमकं काय टाळायचं?



मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी कल्याणहून दापोलीजवळ हर्णैच्या समुद्रावर जायचं आमच्या घरात ठरलं. मी, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. भावाने गेल्या वर्षी हप्त्यावर जुनी गाडी घेतली, तिचा हा पहिला लांबचा प्रवास. आईची अट एकच होती, समुद्र बघायचा पण रांगेतून नाही. जालन्याकडून मुंबईला आलेल्या माझ्या आईने समुद्र पाहिला तो दादरला, 6 डिसेंबरला, चैत्यभूमीच्या रांगेत सहा तास उभं राहून. आपल्या किती घरांमध्ये समुद्राची पहिली ओळख अशीच झालेली आहे!

मुंबई-गोवा हायवेवर मे महिन्यात शनिवारी सकाळी जो निघतो त्याचं काय होतं हे सांगायला नको. रुंदीकरणाचं काम 2011 पासून चाललंय. वडखळला गाडी अडते, मग इंदापूर आणि माणगावला बायपास रखडल्यामुळे सगळी वाहतूक बाजारपेठेतून जाते. त्यामुळे ज्याला त्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला, "मंगळवारी निघा, गुरुवारी परत या, रस्ता मोकळा मिळेल."

सल्ला बरोबर आहे. पण तो कोणासाठी आहे? माझा भाऊ एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. त्याला पगारी रजा नाही. मंगळवार-बुधवार घरी राहिला तर दोन दिवसांचे पैसे कापले जातात, आणि वर सुपरवायझर पुढच्या महिन्याच्या यादीत नाव ठेवील की नाही हा घोर. शनिवार सुट्टीचा मिळणार की नाही हे त्याला आठवडाभर आधी कळतं, म्हणून कोकण रेल्वेचं तिकीटही बाद. तोपर्यंत वेटिंग लिस्टसुद्धा भरलेली असते. समाजशास्त्र शिकताना आम्ही सांस्कृतिक भांडवल, सामाजिक भांडवल असे शब्द घोकले. मोकळा मंगळवार हेही भांडवलच आहे, हे मला गाडीचं नियोजन करताना समजलं. ज्यांच्याकडे ते नाही ते शनिवारी माणगावात एकामागे एक उभे राहतात, आणि मग त्यांनाच ट्रॅफिक म्हणतात.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेसेज फिरतो, "दादर टाळा, गर्दी आहे." सोबत नाक मुरडणाऱ्या इमोजी. त्याच ग्रुपवर मे महिन्यात माणगावच्या कोंडीतले सेल्फी येतात, खाली लिहिलेलं असतं "व्हेकेशन मोड." वर्षातून एकदा आपल्या बापाला अभिवादन करायला, घरून भाकरी बांधून, जनरलच्या डब्यात उभ्याने आलेला माणूस शहराला अडचण वाटतो. दर शनिवारी एकेका गाडीत दोन-दोन जण बसून हायवे अडवतात, त्याला सुट्टीचा आनंद म्हणायचं. अर्थात या वेळी आमचीही गाडी त्या रांगेत भर घालणार होती, हे मी कबूल करते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा एसटीने जाऊ असं मी सुचवूनही पाहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, गाडीचा हप्ता मी भरतोय, एकदा तरी आईला पुढच्या सीटवर बसू दे." यावर मी काय बोलणार?

मग भावाने हिशोब मांडला. शनिवारी दुपारी जेवून निघायचं, सकाळची गर्दी तोवर पुढे गेलेली असते, रात्री दहा-अकराला हर्णै. कागदावर हा हिशोब चांगला होता. आईने तो एका वाक्यात मोडला. "अनोळखी गावात रात्रीचं जायचं नाही."

भाऊ चिडला. कोणत्या जमान्यात आहेस, मोबाइल आहे, नकाशा आहे, बुकिंग आहे. पण बुकिंगचं काय झालं होतं ते मला माहीत होतं. पहिल्या घरगुती लॉजला फोन केला तेव्हा समोरचे काका खूप गोड बोलले. खोली आहे म्हणाले, दर सांगितला, नाश्त्याला घावन देतो म्हणाले. मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. "मूळ गाव?" तेही सांगितलं. "बघतो, संध्याकाळी कळवतो." ती संध्याकाळ अजून आलेली नाही. सीझनमध्ये दुसरं कोणी जास्त पैसे दिले असतील, हेही शक्य आहे. मी काहीच सिद्ध करू शकत नाही, आणि सिद्ध करता येऊ नये अशीच या प्रश्नाची रचना असते. दुसऱ्या ठिकाणी ऑनलाइन पूर्ण पैसे भरून खोली घेतली. पण रात्री अकराला पोहोचलो आणि दारातच "काहीतरी घोळ झालाय" असं ऐकावं लागलं, तर दोन लहान मुलं घेऊन जायचं कुठे? दिवसाउजेडी निदान दुसरं दार ठोठावता येतं.

भावाला मी बाबासाहेबांचा एक प्रवास सांगितला. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाताना त्यांच्यासमोर वाटेचा प्रश्न होता. नेहमीची वाट धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे मोटारने. पण मोटारवाल्यांनी बसू दिलं नाही तर? म्हणून 24 डिसेंबरला सगळे 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराकडे निघाले. दासगावहून महाड पाच मैल. कोणी गाडी दिली नाही तर चालत जाता येईल एवढं ते अंतर. हजारो सत्याग्रही तिथे वाट पाहत होते आणि ते चालतच महाडला गेले. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या परिषदेत 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. या खेपेला बाजार बंद असेल हे धरूनच शिधा आधी जमवलेला होता. आपण चवदार तळ्याचं भाषण आठवतो, मनुस्मृतीचं दहन आठवतो. पण कोण कुठे नकार देईल याचा अंदाज घेऊन आखलेली ही वाट कोणी फारशी सांगत नाही. आमच्या आईने हे पुस्तकात वाचलेलं नाही, तरी प्रवासाला निघताना ती दहा लिटरचा पाण्याचा कॅन आणि दोन वेळच्या भाकरी घेतेच. भाऊ याला जुनी सवय म्हणतो. लहानपणी मसूर स्टेशनवरून बैलगाडीने कोरेगावला निघालेल्या बाबासाहेबांजवळ डबा होता, पाणी मात्र रात्रभर मिळालं नाही. ते वाचल्यापासून मी त्या कॅनची चेष्टा करत नाही.

शेवटी ठरलं ते असं. शुक्रवारी भावाची दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. तो थेट घरी येऊन तीन तास झोपेल. अडीचला निघायचं. उजाडायच्या आत वडखळ, बाजार उघडायच्या आधी इंदापूर-माणगाव मागे टाकायचं. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आसपास पहिला चहा. दासगावला पाच मिनिटं गाडी थांबवायची, ही माझी मागणी. मग महाडला चवदार तळ्यावर तासभर, तिथेच भाकरी. काशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा वेळ वाचतो, म्हणजे खेडवरून दापोली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत हर्णै. खोलीचा घोळ निघाला तरी अख्खा दिवस हातात.

परतीचं मात्र अजून भांडण आहे. सोमवारी सकाळी सातला भावाची पहिली पाळी, त्यामुळे रविवारी दुपारच्या कोंडीत सापडायचं नाही. मी म्हणते रविवारी पहाटे पाचला निघू, मंडणगडावरून येऊ, वाट वाकडी करून आंबडव्याला थांबू आणि लोणेऱ्याजवळ पुन्हा हायवेला लागू. भावजय म्हणते मुलं पहाटे उठणार नाहीत. आई म्हणते, "आंबडव्याला जायचं म्हटल्यावर उठतील. नाही उठली तर उचलून गाडीत टाका."

भावाने काल गाडीची हवा तपासून आणली. दहा लिटरचा कॅन डिकीत बसतो का, तेही त्यानेच ठेवून पाहिलं.