रेघ शेवटी

परवा दुपारी दारात एकजण उभा. "बाई, ओळखलंत का?"

नाही ओळखलं. पंचाहत्तरी जवळ आली की चेहरे लागत नाहीत. त्याने नाव सांगितलं तेव्हा मला आधी त्याची वही आठवली आणि मग तो. बिनरेघेची अक्षरं असलेली वही! पण ते पुढे सांगते.

आमच्या १९८६-८७ च्या दहावीच्या मुलांनी मेळावा ठरवला आहे. मुलं म्हणायची, आता सगळ्यांची नातवंडं व्हायची वेळ झाली. या गृहस्थाचं भिगवणात फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणून बिल्ल्यावरचं गोल बोधचिन्ह करायचं काम त्याच्याकडे आलं. मध्ये रोहित पक्षी, वरच्या अर्ध्या गोलात 'माजी विद्यार्थी स्नेहमेळावा' आणि खालच्या अर्ध्यात 'भिगवण'. रोहित का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. उजनी धरण १९८० साली पुरं झालं तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती. पाणी, मासळी बाजार आणि थंडीतले पक्षी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढले.

"बाई, शुद्धलेखन तेवढं बघून द्या," म्हणून त्याने मोबाईल पुढे केला.

शुद्धलेखन बरोबर होतं. पण अक्षरं बघवेनात. वरच्या कमानीत प्रत्येक अक्षर आपापली तोकडी रेघ डोक्यावर घेऊन सुटं उभं होतं, जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखं. खाली उलटच. 'भिगवण'ची चारही डोकी एकमेकांवर आपटत होती.

"अरे, हे असं का झालं?"

"बाई, सगळीकडे असंच होतं. दुकानात या, दाखवतो."

गेले. रिकामपण दुसरं काय! त्याने कोरलड्रॉ उघडलं, एक वर्तुळ काढलं, अक्षरं टाइप केली आणि 'फिट टेक्स्ट टू पाथ' म्हणून आज्ञा दिली. अक्षरं झटकन वर्तुळावर चढली. इंकस्केप नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय असते म्हणे. तेव्हा गोम लक्षात आली. संगणक अक्षर वाकवत नाही, फक्त फिरवतो. अक्षराचे पाय वर्तुळावर टेकतात आणि डोकी बाहेरच्या, म्हणजे मोठ्या वर्तुळावर जातात. मोठ्या वर्तुळाचा परीघ जास्त, म्हणून डोक्यांमध्ये फटी पडतात. खालच्या अर्ध्यात डोकी केंद्राकडे, तिथे परीघ कमी, म्हणून दाटी. साधी भूमिती! इंग्रजी अक्षरांना याचं काही वाटत नाही, ती मुळातच सुटी उभी असतात. आपली अक्षरं रेघेला लटकतात. रेघ तुटली की शब्द तुटला.

मला शाळेचा गोल शिक्का आठवला. दाखल्यांवर हजार वेळा उमटलेला पाहिला, त्यातही रेघ अशीच तुटकी असायची आणि कधी खटकली नाही. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी, पण तिची अक्षरं आडव्या ओळींत आहेत, म्हणून तिथे ही अडचणच नाही. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत मात्र श्लोक कडेने गोल फिरतो. त्या अक्षरांकडे आता नीट बघायला हवं.

"मग यावर उपाय?" मी विचारलं.

तो जरा हसला. "बाई, रेघ शेवटी मारायची."

आणि मला तो सहामाहीचा पेपर आठवला. हा मुलगा पानभर अक्षरं बिनरेघेची लिहायचा आणि शेवटी पट्टी घेऊन सगळ्या रेघा एकदम मारायचा. "बाई, रेघ शेवटी मारतो," हे ठरलेलं उत्तर. त्या दिवशी घंटा झाली आणि अर्धा पेपर बोडकाच राहिला. मी पाच गुण कापले. एवढ्यावर थांबले नाही. सगळ्या वर्गासमोर हातावर पट्टी मारली. सवय मोडावी म्हणून, असं तेव्हा वाटलं होतं.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत. म्हणजे अक्षर वेगळं आणि रेघ वेगळी, हा काही आळशी पोराचा शोध नव्हता. गुजरातीने तर ही रेघ सोडूनच दिली. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पट्टी तेवढी हातात होती.

इकडे त्याचं काम चाललं होतं. वरच्या अक्षरांमधलं अंतर कमी केलं, खालच्या अक्षरांमधलं वाढवलं. मग अक्षरांचं चित्रात रूपांतर केलं आणि रेघेच्या जाडीची एक कडी त्यावर ठेवून रेघेचे तुकडे छाटले. उरलेले कोपरे हाताने साफ केले. पुन्हा सगळी अक्षरं बोडकी झाली, अगदी त्या पेपरातल्यासारखी! शेवटी त्याच मध्यबिंदूवरून प्रत्येक शब्दावर एकेक सलग कमान ओढली. शब्द जिवंत झाला.

"थांब," मी म्हटलं. "'भिगवण' नीट वाच."

त्याने वाचलं. "मिगवण?"

भ च्या डोक्यावर रेघ सलग जात नाही, डावीकडे ती उघडी असते. सलग मारली की भ चा म होतो. वर 'विद्यार्थी'मधल्या थ चाही य झाला होता. त्याने दोन्ही ठिकाणी रेघ तोडली. रेघ कुठे जोडायची हे त्याला कळत होतं, कुठे सोडायची हे मला. दोघांचं मिळून एक बोधचिन्ह झालं.

निघताना धीर करून म्हटलं, "अरे, त्या सहामाहीला मी तुला मारलं होतं. माझं चुकलं."

तो मान खाली घालून फाईल सेव्ह करत होता. म्हणाला, "मार आठवत नाही बाई. पाच मार्क आठवतात. त्या पाचानं पहिला नंबर गेला होता."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. बिल्ला छान झाला आहे, मेळाव्याला पदराला लावून मिरवेन. पण ते पाच गुण आता कुठल्या रजिस्टरात भरायचे, ते मात्र सुचत नाही.

असो.