तेरा मिलिमीटर

स्ट्रॉचे तुकडे आणि दोरा घेऊन कधी चौकोन केलाय? चार तुकड्यांतून दोरा ओवा, गाठ मारा आणि एक कोपरा दाबा. चौकोन लगेच तिरका होतो. आता तीन तुकड्यांचा त्रिकोण करून बघा. तो हलत नाही! याच त्रिकोणांच्या जोरावर आम्ही एक गाडी बांधली होती. तिचीच ही गोष्ट.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ साली 'बाहा' नावाची स्पर्धा सुरू झाली. मुलामुलींनी स्वतः गाडी बनवायची आणि खाचखळग्यांतून, चिखलातून पळवायची. गाडीत एकच माणूस बसतो. भोवती लोखंडी पायपांचा पिंजरा. गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवायचं, हे त्या पिंजऱ्याचं काम. म्हणून नियम कडक. हेल्मेट आणि डोक्यावरचे पाइप यांच्यात निदान १५२ मिलिमीटर, म्हणजे सहा इंच जागा हवीच.

हा पिंजरा संगणकावर काढायचं काम माझ्याकडे आलं. तिथे आधी नुसत्या रेषा काढायच्या. तारेचं खेळणं असतं ना, तसं. मग संगणकाला सांगायचं, 'या रेषेवर २५.४ मिलिमीटर व्यासाचा पाइप बसव.' झाला पाइप तयार! मी संगणकात ड्रायव्हरचा पुतळा बसवला, हेल्मेटपासून बरोबर १५२ मिलिमीटरवर वरची रेष ओढली आणि ऐटीत चित्र छापून वर्कशॉपमध्ये नेलं.

वेल्डिंग करणाऱ्या काकांनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ कागद पाहून म्हणाले, "ताई, ही रेघ पायपाच्या पोटातून जाते का पाठीवरून?"

"पोटातून. अगदी मधोमध."

"मग अर्धा पाइप पोराच्या डोक्याकडं आला की!"

माझा चेहरा खर्रकन उतरला. २५.४ चं अर्धं १२.७. म्हणजे हेल्मेटवर जागा उरत होती जेमतेम १३९ मिलिमीटर! आणि गाडी चालवणार होता आमच्यातला सगळ्यात उंच मित्र.

मला वाटलं, रेष तेरा मिलिमीटर वर सरकवली की झालं. पण मी घाईघाईत रेषा एकमेकींना जोडल्याच नव्हत्या. मापं देऊन नीट बांधल्या असत्या, तर एक हलवल्यावर बाकीच्या आपोआप हलल्या असत्या. आता एक हलली आणि सगळे सांधे सुटले. रडूच आलं. पण रात्रभर बसून पुन्हा पहिल्यापासून काढलं. सकाळी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या पायपांचा खोटा पिंजरा केला, मित्राला हेल्मेट घालून आत बसवलं आणि टेप लावली. तेव्हा कुठे काकांनी लोखंड कापलं.

पुढे सरावाच्या वेळी गाडी खड्ड्यात जाऊन कुशीवर उलटली. आम्ही जीव मुठीत धरून धावलो. मित्र पट्टा सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "गाडीला लागलं नाही ना रे?"

त्या तेरा मिलिमीटरनी तेव्हा काय फरक पडला असता, कोण जाणे! पण तेव्हापासून कुठलीही रेष ओढली की मी स्वतःला विचारते, पोटातून का पाठीवरून?