सिंगल बारवरचा गृहपाठ

तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाई म्हणजे आपल्या लोकांचं गावच. संध्याकाळी इथल्या बागेत सिंगल बारपाशी आईबाप आणि पोरं घाम गाळताना दिसतात. शाळेत ‘साकाआगारी’ शिकवायला घेतली की हे सुरू होतं. बार छातीशी धरायचा, एका पायानं जोरात झेप घ्यायची आणि उलटं फिरून बारवर यायचं. पोट बारपासून सुटलं की संपलं. मग जपानी आया पोराच्या कमरेमागून टॉवेल घेतात आणि त्याची दोन्ही टोकं बारसकट त्याच्या मुठीत देतात. कंबर लांब जातच नाही. आपल्यातल्या एकीनं जुनी ओढणी वापरली. तीही चालते.

आमच्या वेळी पीटीचा तास म्हणजे गणिताच्या बाईंना राहिलेला धडा उरकायला आयता मिळालेला तास. इथं तो अभ्यासक्रमात पक्का बांधलेला आहे: पहिलीला वर्षाला १०२ तास, दुसरी ते चौथी १०५, पाचवी-सहावीला ९०, तास ४५ मिनिटांचा. शिकवतात बहुधा वर्गशिक्षकच. एकीकडून लाल, दुसरीकडून पांढरी अशी टोपी घालून मुलं कोलांट्या, दोरीच्या उड्या, रिले शिकतात. लाकडी खोक्यांची चळत ओलांडायचा ‘तोबीबाको’ असतोच; जमलं की चळतीत एक खोकं वाढतं. पद्धत मला आवडते, पण तिचा काचही दिसतो. वहीतलं चुकलेलं गणित हातानं झाकता येतं. उडी फसून खोक्यावरच बसलेलं पोर अख्ख्या वर्गाला दिसतं.

पोहण्याबद्दल मात्र माझी काही कुरकुर नाही. १९५५च्या मे महिन्यात सेतो समुद्रात ‘शिउन मारू’ ही फेरीबोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसं गेली, त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुलं फार होती. त्यानंतर शाळाशाळांत तलाव बांधायच्या मागणीनं जोर धरला. उन्हाळ्यात रोज सकाळी पोराचा ताप मोजून कार्डावर लिहायचा. कार्ड विसरलं तर पोर काठावर. बऱ्याच शाळा एखादा दिवस कपड्या-बुटांसकट पाण्यात उतरवतात. हातपाय मारू नका, रिकामी बाटली छातीशी धरा, उताणे तरंगा आणि मदतीची वाट बघा, एवढंच शिकवतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या धरणा-धबधब्यांवरच्या बातम्या वाचताना हा धडा हटकून आठवतो.

हे तलाव आता जुने झालेत, डागडुजी परवडत नाही. कित्येक पालिका ते बंद करून मुलांना बसनं खासगी तरणतलावावर नेतात. तिथं छप्पर असतं, शिकवायला प्रशिक्षक असतात, पावसानं तास बुडत नाही. शाळेचा तलाव गेला म्हणून हळहळणारे शेजारी आहेत. मला विचाराल तर शिकवणं चालू राहू दे, तलाव कुणाचा का असेना. तापाचं कार्ड तेवढं रद्द झालं तर बरं होईल.