आजीची तुळस

आमच्या आजीने बावीस वर्षे पंढरीची वारी केली. तेविसाव्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि तुळशीचे वृंदावन माझ्या डोक्यावर आले.

खरे सांगायचे तर मला जायचे नव्हते. ही गोष्ट २०२५ च्या जूनमधली. प्रथम वर्षाचा निकाल नुकताच लागला होता आणि इंग्रजी राहिले होते. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि जूनमध्ये गडप झाला. सरकी लावून दादा आभाळाकडे बघत बसले होते. ऐन हंगामात घरातला एक माणूस कमी म्हणजे एक मजूर जास्त. तरी दादा आजीपुढे काही बोलले नाहीत. आजी एवढेच म्हणाली, "मी नाही तर मव्हं लेकरू. पर तुळस पायी गेली पाहिजे."

संत मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून निघते. बुलढाणा जिल्हा ओलांडून ती जालना, अंबड करीत आमच्या बाजूला येते आणि शहागडला गोदावरी उतरते. तिची एकूण वाट महिनाभराची. आमच्या अंतरवाली सराटीहून वडीगोद्री जवळच, म्हणून आजी तिथेच दिंडीत शिरायची. मीही तिथेच शिरलो. डोक्यावर तुळस घेतलेला मिसरूड फुटलेला पोरगा पाहून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी मान खाली घालणार होतो, पण डोक्यावर वृंदावन असले की मान खाली घालता येत नाही.

दिंडीत कुणी गाव विचारले की मला धडकी भरे. २०२३ च्या सप्टेंबरपासून आमच्या गावाचे नाव साऱ्या राज्याला ठाऊक झाले आहे. "अंतरवालीचा का? मग तू व्हतास का तिथं?" मी तेव्हा बारावीत होतो, आणि लोकांना जे ऐकायचे असते ते सगळे मला सांगता येत नाही. पण दोन-चार दिवसांत हे प्रश्न संपले. पुढे माझी ओळख एकच राहिली: तुळशीवाल्या म्हातारीचा नातू.

पहिला आठवडा मजेत गेला. पहाटे तीनला टँकरखाली गार पाण्याने अंघोळ, काकडा, आणि दिवस उजाडायच्या आत वाटेला लागणे. दुपारी झाडाखाली पिठले-भाकरी. बीडला तर माहेरी आल्यासारखे स्वागत झाले. मुक्ताबाईंचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी तिथे असल्याचे सांगतात, तेव्हा ही नातीची आजोळघरची भेट. नातवंडाच्या डोक्यावर आजीचे ओझे आणि पालखीत आजोबांना भेटायला निघालेली नात, या योगाची मला गंमत वाटली.

एका मुक्कामी मी थोडी विद्वत्ताही दाखवली. ताटीचे अभंग आम्हाला अभ्यासाला होते. ज्ञानदेव रागावून झोपडीचे दार लावून बसले आणि धाकट्या बहिणीने त्यांची समजूत काढली, हे मी गाईडातल्या भाषेत सांगितले. "अभंगांचे वैशिष्ट्य" वगैरे शब्दही वापरले. शेजारी बसलेल्या एका मावशीला ते सगळे अभंग तोंडपाठ होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पोरा, रुसलेल्या भावाला जेवायला उठवायचं असतं तवा असं बोलत्यात." पाच गुणांच्या उत्तरात हे मी लिहिले नव्हते. मुक्ताबाई गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या म्हणतात. म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान.

मांजरसुंब्याचा घाट चढताना उजव्या टाचेला फोड आला, चौसाळ्याला डाव्या. मावशीने फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवला, वर हळद-तेल लावले. एके रात्री पाऊस आला, राहुटीत पाणी शिरले, आणि प्लॅस्टिकच्या कागदाखाली उकिडवे बसून सगळी रात्र काढली. भूमला पोचेपर्यंत अंगात ताप होता. आजारी माणसांना दिंडीच्या ट्रकमध्ये बसवतात, पण त्यात सत्तरीच्या पुढची माणसे होती, आणि मी एकोणीस वर्षांचा. त्यांच्या रांगेत बसायची लाज वाटली. म्हणून मी काय केले? "दोन दिवस नातेवाइकाकडे जाऊन येतो" अशी थाप मारली, तुळस मावशीकडे दिली आणि बार्शीची एस.टी. पकडली. भूमच्या स्टँडवर तिकीट काढताना हात थरथरत होता. तो तापाने, असे मी स्वतःला बजावले.

बार्शीत औषध घेतले. दुपारभर भगवंताच्या देवळात पडून राहिलो. तिथे मला कुणी "माउली" म्हटले नाही. भजी खाल्ली, चहा प्यायलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा परका मुलूख म्हणजे काय ते कळले. बार्शी आमच्यापासून काही फार दूर नाही, तरीही. दुसऱ्या दिवशी माढ्याला गेलो आणि दिंडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिलो.

मावशी दिसली ती डोक्यावर तुळस घेऊनच. तिची स्वतःची तुळस तिच्या सुनेच्या डोक्यावर होती. तिने नातेवाईक कोण, कुठला, काही विचारले नाही. तुळस माझ्या हाती देत म्हणाली, "धर. एक पाऊलसुदिक गाडीत बसली नाही."

पुढचे दिवस मी कसे चाललो, मला आठवत नाही. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र आल्या तेव्हा पुढे-मागे फक्त माणसे दिसत होती, रस्ता दिसतच नव्हता. चंद्रभागेत बुडी मारली. पदस्पर्शाची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, म्हणून नामदेव पायरीला डोके टेकले आणि कळस पाहिला. आजीनेही बावीस वर्षांत पुष्कळदा कळसावरच समाधान मानले होते.

६ जुलैची एकादशी आटोपून द्वादशीला परत निघालो. घरी पोचलो तेव्हा दादा शेतात होते. सरकी बोटभर वर आली होती, पण मध्ये मध्ये खाडे पडले होते. आजी ओसरीवर बसली होती. पंढरीहून आलेल्याच्या पाया पडायची आमच्याकडे रीत आहे. गुडघे धरत ती खाली वाकली. मी मागे सरकलो, "आजी, नको" म्हणालो, पण तिने माझी दोन्ही पावले धरली. फोडांचे वण तिच्या बोटांना लागले असावेत, कारण ती त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. मग विचारले, "तुळस समदी वाट पायी गेली ना रं?"

"गेली," मी म्हणालो.

एवढे तर खरे होते. बाकीचे मी अजून तिला सांगितलेले नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायला धजलो. पण हा अंक घरी नेला की ती म्हणणार, तुझं काय छापलंय ते वाचून दाखव.