उरलेली अर्धी

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा अंगठा ऐकेनासा झालाय. गोळीच्या खाचेवर दाब दिला की सांध्यात कळ येते, पकड सुटते आणि अर्धी गोळी टेबलाखाली. हिच्या कंपवाताच्या गोळ्या ७ वर्षं मीच मोडल्या. आता नात मोडते आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसतो.

वेळा सांभाळणं, वरण-दुधाच्या आधी अर्धा तास गोळी देणं, हे जमतं. जमत नाही ती अर्धी. डोस दीड गोळीचा, दिवसातून ५ वेळा, म्हणजे रोज साडेसात. एक रात्र सोडून एक अर्धी उरते. ती डबीत ठेवून सकाळी ७ला आधी संपवायची. श्रावणात ती दमट होते, कडेने काळपट पडते. गोळीतल्या लेव्होडोपाला ओल सोसत नाही. मग ती फेकायची आणि हिशेब पुन्हा बिघडायचा.

बरं, १००च्या गोळीचे ५०-५० कधी होतच नाहीत. सुरीने तुकडा उडतो, अडकित्त्याने चुरा होतो. गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी आणली, तिचं पातं दोन महिन्यांत बोथट. शेवटी एक युक्ती काढली : एकाच गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठच्या वेळांना द्यायचे. थोरला १०ला गेला की धाकटा १ला. दिवसाचा हिशेब जुळतो. पण हिच्या बोटांना दिवसाच्या हिशेबाशी काय देणंघेणं? हूक लागेना की म्हणते, "अहो, आज धाकटी दिलीत वाटतं."

शेजारचे एक गृहस्थ खाजकुयलीचं चूर्ण घेऊन आले. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे खरं. पण चमच्यात किती, हे कोण सांगणार? मी अर्ध्या गोळीसाठी झुरतो आणि हे चमच्याने वाढतात! औषधवाले तर १०च्या पट्टीतल्या ६ गोळ्या कापून देतात. मुदतीची तारीख राहते त्यांच्या ४ गोळ्यांवर. ही पडली तेव्हा रुग्णालयात १०ची गोळी राउंड आटोपल्यावर पावणेबाराला आली. मी भांडलो. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, मिळाली ना गोळी?"

माझी वही मात्र मी सगळ्यांना दाखवायचो. तारीख, वेळ, लाल शाईची खूण. "असं कोणी ठेवत नाही," असं डॉक्टर एकदा म्हणाले. ते मी निदान तीन लग्नांत तरी सांगितलं असेल. एका दुपारी ही म्हणाली, "पाय जमिनीला चिकटल्यासारखे झालेत." मी वही उघडली. "१ला दिली आहे." ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा रकाना दाखवला. संध्याकाळी साडी बदलताना निऱ्यांतून अर्धी गोळी पडली. खूण मी हातावर गोळी ठेवतानाच करत होतो, ती गिळली की नाही ते न बघता. ती खूण मी अजून खोडलेली नाही. डॉक्टरांना ते पानही दाखवलं नाही.

नात गोळी मोडताना गोळीकडे बघतसुद्धा नाही, फोनवर बोलत असते. काल तिचे दोन तुकडे मी चष्मा लावून उजेडात धरले. सारखे. त्यावर ही दुपारी हूक स्वतः लावून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून काही बोलली नाही.

रात्री नात उरलेली अर्धी डबीत ठेवायला निघाली. मी म्हटलं, "राहू दे. ती मी ठेवतो."