ठिणगीचा आवाज

नारायणगावातल्या जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ हाच शब्द आहे. मराठीचा अध्यापक असल्याच्या खोडीपायी मी या शब्दाचे मूळ शोधले, तेव्हा ते थेट अमेरिकेतील डेटन शहरी निघाले. चार्ल्स केटरिंग यांच्या ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ची ही आद्याक्षरे. केटरिंग यांची ठिणगी पाडण्याची पद्धत १९१० च्या सुमारास मोटारींत आली आणि पुढे अनेक दशके टिकली. शब्द मात्र तिच्याही पुढे टिकला आहे.

आमच्या घरी या शब्दाचा संबंध वडिलांच्या जीपशी. विलीजच्या परवान्याने महिंद्रांनी बनवलेली, उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी. चार सिलिंडर, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. पुणे-नाशिक रस्त्यावरून टोमॅटो नेणाऱ्या मालट्रकांना डेल्कोची गरज नाही. डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. पेट्रोलला ठिणगी लागते आणि ती नेमक्या क्षणी लागते. डेल्कोतले दोन इवलेसे पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बॅटरीच्या बारा व्होल्टांतून हजारो व्होल्टांचा झटका प्लगपर्यंत जातो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना हे चार हजार वेळा घडते. पॉइंटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरची. ती बिघडली की गाडी बिघडली.

ही फट लावण्याचे काम अण्णांचे. वडिलांच्या वयाचे हे मिस्त्री. फिलर गेज त्यांच्याकडे होते, पण त्यांचा खरा विश्वास बोटांवर. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून पॉइंट साफ करायचे, पाते सरकवायचे, स्क्रू आवळायचा, की झाले. वडील गेल्यावरही दर दोन-तीन महिन्यांनी हा विधी चालू राहिला. अलीकडे त्यांचे हात कापू लागले. एकदा स्क्रू तीनदा निसटून खाली पडला. आम्ही दोघांनीही त्याविषयी काही बोलायचे टाळले.

त्यानंतर मी अण्णांना न सांगता इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच मागवला. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे. दांड्यावर चुंबकांची कडी आणि शेजारी संवेदक बसवायचा. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. घासणारे काही नाही, म्हणून झिजणारेही काही नाही. अण्णांना त्रास नको, असे मी स्वतःला सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. त्यांच्या थरथरत्या हातांकडे पाहावे लागू नये, हेही त्यात होते.

गावातल्या गावात जीप झकास चालली. घोडेगावच्या पुढे डिंभ्याकडे निघालो आणि चढाला लागताच तिने मिसिंग सुरू केले. सपाटीवर ठीक, चढावर धक्के. मग माझे संशोधन सुरू झाले. बॅटरीची टोके घासली. डेल्कोच्या तबकडीचे अर्थिंग तपासले. संवेदकाला बारा व्होल्ट हवे होते, मिळत होते आठ. कधीकाळी कोणीतरी कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट रोध बसवला होता. संवेदकाची लाल तार त्या रोधाच्या अलीकडून जोडली. फरक पडला, दोष गेला नाही. कॉइल बदलली. विक्रेत्याने फोनवरून संवेदक बदलायला सांगितले, तोही बदलला. दोष जागच्या जागी.

शेवटी अण्णांकडे गेलो. मी काय केले आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होते. गावात अशा गोष्टी लपत नाहीत. संध्याकाळी ते आले ते छोटा ट्रान्झिस्टर घेऊन. मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी काटा ठेवला, ट्रान्झिस्टर बॉनेटजवळ धरला आणि मला ॲक्सिलरेटर द्यायला सांगितले. रेडिओत तडतड सुरू झाली. इंजिनाचा वेग वाढेल तशी ती दाट होत गेली. अण्णांनी प्लगच्या जाड वायरींवर बोट ठेवले. वडिलांच्या काळातल्या, आत सलग तांबे असलेल्या.

“पॉइंट बहिरा असतो, सर. आजूबाजूला किती का गलका असंना, त्याला फरक नाही. ह्या नव्याला कान हाएत. कान असल्याच्या घरात हळू बोलावं लागतं.”

प्रत्येक ठिणगी ही रेडिओलहर असते. मार्कोनींची पहिली प्रक्षेपणयंत्रे ठिणगीवरच चालत. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्ट लागतात, गलकाही वाढतो आणि संवेदक गोंधळतो. उपाय साधा होता: कार्बनच्या गाभ्याच्या, रोध असलेल्या वायरी आणि तसेच प्लग.

ते बसवल्यावर आम्ही दोघे खोडदच्या रस्त्याने निघालो. तिथे जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे कान लावून असतात. अशा तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. अतिदूरच्या आकाशगंगांमधून येणारे अतिशय क्षीण रेडिओसंकेत त्या टिपतात, म्हणून तिथे मोबाइलही बंद ठेवायला सांगतात. अमेरिकेतील ग्रीन बँक येथे तर दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या नेतात. कारण एकच, ठिणगी नको. इतकी वर्षे या रस्त्याने जाताना आमची जीपही त्या गलक्यात भर घालत होती, हे मला कधी सुचले नव्हते.

मी सुटे भाग एकेक करून बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी दोष त्या भागातच असणार असे गृहीत धरले. नवा संवेदक निर्दोष होता, जुन्या वायरीही निर्दोष होत्या. बिनसले होते ते त्यांच्या शेजारात. साहित्याच्या वर्गात मी हेच करत आलो आहे की काय, असे वाटून गेले. नवी समीक्षादृष्टी आणायची, ती जुन्या सवयींच्या तारांना जोडायची आणि मग ती आपल्या मातीत चालत नाही म्हणायचे. असो.

जुनी तबकडी पॉइंटांसकट कापडात गुंडाळून मी सीटखाली ठेवली आहे. संवेदक वाटेत गेला, तर तो दुरुस्त होत नाही. पॉइंट घासून घरापर्यंत येता येते. फट कशी लावायची, ते मी आता दर रविवारी अण्णांकडून शिकतो आहे. स्क्रू माझ्याही हातून निसटतो. अण्णा तो उचलून माझ्या हातात देतात आणि काही बोलत नाहीत.